बाळ्याला अंघोळ घातली की चार दिवसांत परत कुबट वास. कुणाला अनुभव आहे का?

गिरणीवाली, फुलेवाडी
२ ऑगस्ट, रात्री १०.४०

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचा बाळ्या म्हणजे पिवळा लॅब्रेडॉर, चार वर्षं पूर्ण, वजन ३६ किलो. आमची पिठाची गिरणी आहे. खाली गिरणी, वर घर. बाळ्या दिवसभर गिरणीतच असतो. दळण घेऊन येणारी पोरं आधी त्याच्या डोक्यावरून हात फिरवणार, मग डबा ठेवणार, अशी पद्धत होती. गेल्या दोन महिन्यांत कुणी हात लावंना झालंय. लावलाच तर हात नाकाशी नेऊन बघतात. मला ते बघवत नाही.

वास कसा, तर पीठ ओलं होऊन दोन दिवस डब्यात राहिलं की झाकण उघडल्यावर जो कुबट, आंबूस भपका येतो, अगदी तसा. सुरुवातीला मला खरंच वाटलं की याच्या केसांत पीठ बसतंय आणि पावसानं भिजून आंबतंय. म्हणून अंघोळी वाढवल्या. आधी महिन्याला एक होती, मग आठवड्याला, आता दर चौथ्या दिवशी. अंघोळीच्या दिवशी छान. दुसऱ्या दिवशी बरा. चौथ्या दिवशी तो जिन्यानं वर आला की कुठल्या खोलीत बसलाय ते न बघता सांगता येतं. अंगही तेलकट, हात फिरवला की बोटांना मेण लागल्यासारखं वाटतं.

परवा दारात उजेडाला उताणा झोपवून नीट बघितलं. काखेतली कातडी काळी पडलीय. नुसती काळी नाही, जाड झालीय, वर बारीक घड्या, हत्तीच्या कातड्यासारखी. जांघेत तसंच. पोट लालसर. पुढच्या पायांच्या बोटांमधले केस चाटून चाटून गंज चढल्यासारखे तांबडे झालेत. कानात कापूस फिरवला तर काकवी आटून घट्ट व्हावी तसा तपकिरी मळ आला. गळ्याला चामडी पट्टा आहे, चप्पल लाईनीत मुद्दाम बनवून घेतलेला, त्याच्याखालचे केस विरळ झालेत. रात्रभर खाजवतो. खाजवताना पायाचा सांधा फरशीवर आपटतो, ठक ठक ठक, आणि मी जागीच.

आजवर आमचाच शॅम्पू लावला, मग लहान बाळांचा लावला. कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं धुतलं. खोबरेल तेल चोळलं. जूनमध्ये जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथं हातानंच बघितलं, पावसाळी ॲलर्जी म्हणाले, इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी खाज बंद! आम्हाला वाटलं सुटलो. बाराव्या दिवशी दुप्पट खाज. परत नेलं, परत तेच इंजेक्शन, ते आठच दिवस टिकलं. तिसऱ्यांदा नेलं नाही.

खाणं सकाळी दूध-भाकरी, दूध गवळ्याकडचं म्हशीचं. रात्री भात आणि कोंबडीच्या माना-पाय उकडून. श्रावण लागल्यापासून घरात मटण-कोंबडी काही शिजत नाही, म्हणून आठ-नऊ दिवस दोन्ही वेळेला दूध-भाकरीच. खाजेत काही फरक नाही.

आता खरी अडचण सांगते. ३१ तारखेला गौरी येणार, घर पाहुण्यांनी भरणार. सासूबाईंनी काल सांगितलं, तोवर वास गेला नाही तर बाळ्याला कागलला मामेसासऱ्यांच्या रानात ठेवायचं. सासूबाई वाईट नाहीत हो. पिल्लू होता तेव्हा रात्र रात्र त्यांच्याच मांडीवर झोपायचा. पण देवाधर्माच्या दिवसांत घरात असा वास, हे त्यांना सहन होत नाही, आणि त्यांचंही मला कळतं. रानात ठेवणं म्हणजे साखळीला बांधणं. बाळ्या आजवर एक दिवस साखळीला राहिलेला नाही.

चार आठवडे हातात आहेत. नेमकं काय करू?

बावड्याचा भाऊ
२ ऑगस्ट, रात्री ११.१५

ताई, आमच्याकडं कारवान जातीचा कुत्रा आहे, आखूड केसांचा, त्यामुळं वासाचा त्रास नाही. पण मागं लूत लागली होती, सगळे कान आणि पायांची कोपरं उघडी पडली होती. गावाकडं चुलत्यांनी सांगितलं की गाडीचं जळकं ऑइल लाव, तीन वेळा लावलं की लूत पळते. आमच्या वस्तीवर सगळे तेच करतात. नाहीतर जनावरांचं गोचिडाचं औषध पाण्यात घालून पुसून काढतात. मी ऑइल लावणार होतो, पण बायकोनं लावू दिलं नाही आणि दवाखान्यात नेलं. तुमच्याकडं वेळ कमी आहे म्हणून सुचवलं. आणि कुत्र्याला रानात पाठवू नका, घरात वाढलेलं कुत्रं झुरतं.

सांगलीची मीनल
३ ऑगस्ट, सकाळी ७.५०

ताई, वाचून आमची शेरी आठवली. गोल्डन रिट्रीव्हर. असाच तेलकटपणा, असाच वास, वर्षभर आम्ही शॅम्पू बदलत बसलो. तिचं वजनही वाढत होतं, दिवसभर पडून राहायची, शेपटीचे केस जाऊन शेपूट उंदरासारखी झाली होती. आम्ही म्हणायचो वय झालं. वय कसलं, सहा वर्षांची होती! शेवटी रक्त तपासलं तर थायरॉइड कमी निघालं. आता रोज सकाळ-संध्याकाळ गोळी, ती आयुष्यभर चालणार. तीन-चार महिन्यांत केस आले आणि वासही गेला. लॅब आणि गोल्डन दोघांतही हे बऱ्यापैकी आढळतं असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाळ्या सुस्त झालाय का? खाणं तेवढंच असून जाड होतोय का?

गिरणीवाली, फुलेवाडी
३ ऑगस्ट, दुपारी २.०५

मीनलताई, सुस्त अजिबात नाही. वजन गेल्या वर्षीपण ३६ होतं. शेपूट जाडजूड आहे, दळणाचे डबे पाडतो तिनं. पण रक्त तपासायचं लक्षात ठेवते.

भाऊ, काळजीनं लिहिलंत, बरं वाटलं. पण ऑइल लावायला माझं मन होत नाही. तो दिवसभर अंग चाटतो.

पन्हाळ्याचा पायथा
३ ऑगस्ट, रात्री ९.३०

ताई, मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. डॉक्टर नव्हे. सगळी नोकरी गाई-म्हशींत गेली, कुत्र्यांचं बरचसं घरात पाळून आणि चांगल्या डॉक्टरांच्या हाताखाली उभं राहून शिकलो. तेवढं धरून वाचा.

आधी जळक्या ऑइलचं. भावा, तुमच्या मंडळींनी योग्य केलं. माझ्या नोकरीत असं ऑइल फासलेली कुत्री मी डझनावारी बघितली. कुत्रं ते चाटतं, पोटात जातं, कातडीतूनही मुरतं. एका वस्तीवरचं कुत्रं ऑइल लावल्यावर तिसऱ्या दिवशी उलट्या करून गेलं. लूत बरी होण्याची वाट बघत होते, कुत्रंच गेलं. जनावरांचं गोचिडाचं औषध अंदाजानं मिसळून पुसणंही तसलंच. ज्याला अंगाचं चाटायची सवय आहे त्याच्या अंगावर ते नको. आणि असलं औषध घरात असेल तर मांजराला आसपास फिरकू देऊ नका, त्यातली काही मांजराच्या जिवावर बेततात.

आता बाळ्याचं. हा वास मळाचा नाही, त्यामुळे मळ धुऊन तो जायचा नाही. काखेत, जांघेत, बोटांत, कानात आणि पट्ट्याखाली, म्हणजे जिथं हवा लागत नाही नेमक्या तिथंच कातडी काळी आणि जाड झालीय, अंग तेलकट आहे, वास आंबूस आहे. हे वर्णन यीस्टचं आहे, एक प्रकारची बुरशी. ती निरोगी कुत्र्याच्या अंगावरही थोडी असतेच. कातडी बिघडली, तेलकटपणा वाढला, दमटपणा मिळाला की ती पसरते. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर धुतलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तिथं लॅबच्या आतल्या दाट लोकरीचं काय होत असेल बघा. वरून हाताला कोरडं लागतं, केस फाकवून कातडीला बोट लावा, ओलच असते. तुम्ही दर चार दिवसांनी त्याला भिजवत होता आणि तो आतून पुरता वाळायच्या आत परत भिजवत होता. राग मानू नका, मीपण माझ्या कुत्रीला हेच केलं होतं.

खोबरेल आजपासून बंद. तेलावर ही बुरशी पोसते. माणसांचा शॅम्पूही बंद. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते आणि तिची आम्लताही आपल्यासारखी नसते, आपला साबण तिला कोरडी करतो, मग ती आणखी खाजते. कडुलिंबाच्या पाण्यानं नुकसान नाही, पण एवढं वाढलेलं दुखणं त्यानं हटत नाही.

डॉक्टरांकडं जायच्या आधी एक करा. जुन्या पांढऱ्या सुती धोतराचे चार तुकडे घ्या. एकानं काख पुसा, दुसऱ्यानं कानाची आतली पाळी, तिसऱ्यानं ओठाची घडी आणि दाढा, चौथ्यानं शेपटीखाली. चारही वेगवेगळे हुंगा. कुत्र्याच्या वासाची ही चार वेगळी घरं आहेत. तोंड नासलं असेल तर कुत्रं तीच लाळ चाटून अंगभर लावतं आणि आपण अंगाला दोष देतो. शेपटीखाली मासळीसारखा उग्र वास असेल तर तिथल्या दोन ग्रंथी भरल्यात, त्याला शॅम्पूचा काही उपयोग नाही.

पिसवांचंही बघा. बारीक दातांची फणी कमरेवरून शेपटीच्या मुळापर्यंत ओढा आणि जे निघेल ते ओल्या पांढऱ्या कागदावर झटका. काळ्या कणांभोवती तांबडं पसरलं तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे कुत्र्याचंच पचलेलं रक्त. पिसू एकही दिसली नाही तरी ती आहे असं समजायचं. तिची अंडी अंगावर थांबत नाहीत, फरशीच्या फटींत आणि अंथरुणात पडतात, म्हणून नुसत्या कुत्र्याला औषध देऊन भागत नाही.

चामडी पट्टा काढा आणि परत घालू नका. पावसात चामडं वाळत नाही, पट्टा नाकाला लावून बघा म्हणजे कळेल.

इंजेक्शनचं मी न बघता बोलणार नाही. पण दुसऱ्या दिवशी खाज थांबते आणि दहा-बारा दिवसांनी दुप्पट येते, हे स्टेरॉइडचं लक्षण आहे. स्टेरॉइड वाईट औषध नव्हे, योग्य जागी ते लागतंच. पण बुरशी किंवा लुतीचे किडे अंगात असताना नुसतंच स्टेरॉइड दिलं तर खाज दबते आणि मूळ दुखणं वाढतं. नव्या डॉक्टरांना दोन्ही इंजेक्शनांच्या तारखा जरूर सांगा. केसपेपर असेल तर न्या.

आणि एक विचारायचं राहिलं. बाळ्या झोपतो कुठं, कशावर?

गिरणीवाली, फुलेवाडी
४ ऑगस्ट, सकाळी ६.२०

काका, काल रात्रीच चार तुकडे केले. तोंडाचा आणि शेपटीखालचा साधा, कुत्र्याचा असतो तसाच. काखेचा तुकडा पिवळट-तपकिरी झाला आणि तोच तो ओल्या पिठाचा वास. कानाचा तर हुंगवंना. फणीत काळे कण निघाले, कागदावर तीन ठिकाणी तांबडं पसरलं. मी म्हणायची आमच्याकडं पिसवा नाहीत.

झोपतो गिरणीतच, मोटारीच्या मागं. तिथं उबदार असतं. खाली रिकामी बारदानं टाकलीत, गव्हाची आणि शाळूची. पावसाळ्यात ती कधी धुतलीच नाहीत, वाळवायची कुठं?

शिरवळचा विद्यार्थी
४ ऑगस्ट, दुपारी १.१०

मी शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे, गाव हातकणंगले. काकांनी लिहिलंय त्यात थोडी भर घालतो.

बारदानाचा मुद्दा मोठा आहे. साठवलेल्या धान्यात आणि पिठात माइट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे, होतात, दमट हवेत जास्तच. काही कुत्र्यांना त्यांचीच ॲलर्जी असते, जशी माणसांना धुळीतल्या माइटची असते. बाळ्याला तीच आहे असं मी इथून म्हणू शकत नाही. पण ज्या कुत्र्याला खाज आहे त्यानं गव्हाच्या पोत्यावर झोपू नये, हे नक्की. ॲलर्जीनं कातडी बिघडते, मग तिच्यावर यीस्ट चढते. नुसती यीस्ट मारली आणि खालचं कारण तसंच राहिलं तर दोन महिन्यांनी तुम्ही हाच प्रश्न परत विचारत असाल.

दवाखान्यात दोन तपासण्या नक्की मागा. पहिली टेपची. साधी पारदर्शक चिकटपट्टी काखेच्या कातडीवर दाबून उचलतात, निळ्या रंगात बुडवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मालासेझिया नावाची यीस्ट असेल तर शेंगदाण्याच्या आकाराच्या पेशी दिसतात. याला फार तर पंधरा मिनिटं लागतात. दुसरी खरवडून बघायची, रक्ताचा थेंब येईपर्यंत कातडी खरवडतात, त्यात लुतीचे किडे सापडतात. दोन वेळा स्टेरॉइड झालंय म्हणून ही तपासणी टाळू नका.

थायरॉइडची घाई मात्र करू नका. स्टेरॉइडनं थायरॉइडचा आकडा खोटाच कमी दिसू शकतो. कधी तपासायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या.

कुणी आयव्हरमेक्टिन टोचून घ्या म्हणालं तर घेऊ नका. ते लुतीवर वापरतात हे खरं, पण बुरशीवर त्याचा उपयोग नाही, आणि कॉलीसारख्या काही जातींना ते मेंदूत चढतं. डॉक्टरांशिवाय कुठल्याच कुत्र्याला नको. टी ट्री ऑइलसुद्धा नको, इंटरनेटवर बघून बरेच जण लावतात, ते कुत्र्यांना विषारी आहे.

घरच्यांना ही यीस्ट सहसा लागत नाही, निर्धास्त राहा. पण घरात कुणाच्या हातावर, पोटावर गोल चट्टे किंवा बारीक खाजरे पुरळ उठले असतील तर सांगा. गजकर्ण आणि एका प्रकारची लूत माणसाला लागते.

गिरणीवाली, फुलेवाडी
११ ऑगस्ट, रात्री ९.५५

घरात कुणाला पुरळ नाही.

गुरुवारी दुसऱ्या दवाखान्यात नेलं. मी कागदावर सगळं लिहून नेलं होतं, इंजेक्शनांच्या तारखांसह. डॉक्टरांनी तो कागद आधी पूर्ण वाचला, मग बाळ्याला टेबलावर घेतलं. काखेतून, बोटांमधून आणि पट्ट्याखालून टेप घेतली, कानातला मळ काडीवर घेतला, दोन ठिकाणी खरवडलं. नंतर मलाही बघू दिलं. एक डोळा मिटून बघितलं तर निळे निळे शेंगदाणे, चाळणीत कोंडा राहावा तसे दाटीवाटीनं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढं अंगावर घेऊन ते मुकं जनावर दोन महिने शेपूट हलवत फिरत होतं.

लुतीचे किडे सापडले नाहीत. यीस्ट खूप आणि सोबत थोडे जंतू. बुरशीच्या गोळ्या तीन आठवडे जेवणाबरोबर दिल्यात, यकृताचा त्रास नाही ना ते बघायला आधी रक्त घेतलं. कानाचे थेंब. पिसवांची चघळायची गोळी, ती महिनाभर काम करते. थायरॉइड आता नको, पुढं बघू म्हणाले, अगदी शिरवळच्या दादांनी लिहिलं तसंच. आणि क्लोरहेक्सिडीन आणि मायकोनॅझोल असलेला शॅम्पू, दोन्ही २ टक्के, आठवड्यातून दोनदा.

मी म्हटलं, अहो, मी तर अंघोळी कमी करायच्या म्हणून आलेय! ते म्हणाले, अंघोळ औषधाची असली पाहिजे आणि वाळवणं पुरं झालं पाहिजे. पहिली चूक मी इथंच करत होते. शॅम्पू लावला की लगेच पाणी ओतत होते. हा अंगावर १० मिनिटं राहायला हवा, नाहीतर औषध काम करायच्या आत मोरीत जातं.

शनिवारची अंघोळ अशी. आधी कुत्र्यांच्या साध्या शॅम्पूनं तेलकटपणा काढला. मग औषधाचा शॅम्पू काखेत, जांघेत, बोटांच्या फटींत, गळ्याला बोटांनी कातडीपर्यंत चोळला, डोळे आणि कानाचं भोक सोडून. एक डबा शाळू दळून होईस्तोवर तसाच ठेवायचा, असं मी मनाशी ठरवलं आणि खाली नवऱ्याला डबा लावायला सांगितला. बाळ्या मोरीत उभा, मी त्याच्यापुढं पाटावर. तो सारखा मान वळवून चाटायला बघतोय, मी हनुवटी धरून गप्पा मारतेय. गिरणीचा आवाज थांबला तेव्हा पाणी ओतलं. तोवर माझे गुडघे आखडले होते. फेस गेल्यावरही आणखी चार बादल्या ओतल्या, बोटांत काही राहू नये म्हणून. मग तीन पंचे, आणि वरच्या खोलीत टेबलफॅनपुढं दीड तास. केस फाकवून बघत होते. पाठ अर्ध्या तासात वाळली, काखेला दीड तास लागला. म्हणजे एवढे दिवस मी त्याला दीड तास आधीच मोकळा सोडत होते आणि तो तसाच बारदानावर जाऊन झोपत होता.

बारदानं हलवली. आता तो वर झोपतो, जिन्याच्या तोंडाशी. गिरणीत येऊ देत नाही, दारात फळी लावलीय. पहिले दोन दिवस फळीवर हनुवटी ठेवून रडला.

पट्टा काढला. खरंच, त्यालाच अर्धा वास होता.

पन्हाळ्याचा पायथा
१२ ऑगस्ट, सकाळी ८.००

ताई, उत्तम. वास आधी जाईल, काळी कातडी सावकाश जाईल, तिला महिने लागतात. काळं दिसतंय म्हणून घाबरून औषध बदलू नका आणि वास गेला म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. बहुतेक लोक तिथंच चुकतात. पांघरुणं कडक गरम पाण्यात धुवा, आठवड्याला एकदा तरी. जिन्याच्या फटी झाडून त्यातला केर घराबाहेर टाका, पिसवांची अंडी तिथंच असणार.

सांगलीची मीनल
१२ ऑगस्ट, सकाळी ९.१५

फळीवरची हनुवटी वाचून गलबललं. गौरीचं काय ते नक्की कळवा ताई.

गिरणीवाली, फुलेवाडी
४ सप्टेंबर, रात्री १०.३०

उशीर झाला, गणपती-गौरीत फोन हातात घ्यायला सवड नव्हती.

बाळ्या घरातच आहे. कागलला गेला नाही.

तिसऱ्या अंघोळीनंतर वास चौथ्या दिवशी आला नाही. पाचव्या दिवशीही नाही. मी सासूबाईंना मुद्दाम काही बोलले नाही. एके दिवशी दुपारी सोप्यात त्या बाळ्याच्या पाठीवरून हात फिरवताना दिसल्या, मग तोच हात त्यांनी नाकाशी नेला. बोलल्या काहीच नाहीत. संध्याकाळी कपाटातलं जुनं मऊ लुगडं काढलं, त्याच्या दोन सारख्या घड्या शिवल्या आणि माझ्याकडं दिल्या, एक धुवायला टाकली की दुसरी अंथरायला. गरम पाणी सोसेल असंच सुती आहे, हेही त्यांनीच बघून घेतलं. गौरी-शंकरोबाच्या दिवशी घरात अठरा माणसं होती. नणंदेची पोरगी बाळ्याच्या पोटावर डोकं ठेवून झोपून गेली, आणि कुणी तिला उठवलं नाही.

पूर्ण बरा झालाय असं मात्र नाही. पोटाचा लालपणा गेला, काखेची कातडी मऊ पडलीय पण काळी आहेच, मध्येच गुलाबी ठिपके उमटायला लागलेत. गळ्याला बारीक केस आले. गोळ्या संपल्या. रात्रीची ठकठक पाच-सहा वेळांवरून एकदोनदावर आली. पण पुढचे पाय अजून चाटतो. डॉक्टर म्हणाले यीस्ट आटोक्यात आहे, म्हणजे आता राहिलेली खाज खालच्या ॲलर्जीची, पिठातल्या माइटची किंवा खाण्यातली. श्रावणात कोंबडी बंद होती तरी फरक नव्हता असं मी सांगितलं. तर ते म्हणाले, तेव्हा यीस्टचीच खाज एवढी होती की बाकीचं कळणारच नाही, आणि कोंबडी बंद झाली तरी दूध आणि गव्हाची बिस्किटं चालूच होती ना? खाण्याची ॲलर्जी ओळखायला कमीत कमी आठ आठवडे त्यानं कधीच न खाल्लेलं काहीतरी द्यायचं आणि बाकी सगळं बंद. दूधसुद्धा.

बाळ्यानं आजवर मासा खाल्लेला नाही. सोमवारपासून उकडलेला कटला, काटे हातानं चाचपून काढून, आणि रताळं. मीठ-मसाला काही नाही. गवळ्याला अर्धा लिटर कमी करायला सांगितलं. खरं अवघड काम दळणाला येणाऱ्या पोरांचं, सगळ्यांच्या खिशात बाळ्यासाठी बिस्कीट असतं. फळीवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलंय, "बाळ्याचं औषध चालू आहे, खायला काही देऊ नका." आता पोरं फळीच्या अलीकडून नुसताच हात फिरवतात. हात नाकाशी नेत नाहीत.

काका, एक विचारायचं होतं. विसर्जनाच्या दिवशी तो नवऱ्याबरोबर रंकाळ्यापर्यंत गेला आणि चिंब भिजून आला. अंग फॅनपुढं वाळवलं, कान मात्र विसरले. कालपासून डाव्या कानाला परत थोडा वास येतोय, मळ अजून नाही. थेंब शिल्लक आहेत, पण मनानं काही घालत नाही. पाळी बाहेरून कोरड्या कापडानं पुसून दिवसातून दोनदा उलटी करून ठेवतेय, म्हणजे हवा लागेल. डॉक्टरांनी ८ तारखेला टेप परत बघायला बोलावलंय, तेव्हा कानही दाखवते. तोवर एवढं पुरेल का, की उद्याच नेऊ?

पन्हाळ्याचा पायथा
४ सप्टेंबर, रात्री ११.०५

ताई, उद्याच न्या. कानाचं दुखणं आत उतरू शकतं, आणि पडद्याला काही झालंय का ते आत बघितल्याशिवाय जुने थेंब घालायचे नाहीत. थेंबांची बाटली सोबत घेऊन जा.

गिरणीवाली, फुलेवाडी
५ सप्टेंबर, सकाळी ६.०५

बरं काका. गिरणी दहाला उघडते, त्याआधीच जाऊन येते.